भगंदराचा धागा आणि 2020 ची अधिसूचना : पार्श्वभूमी

मूळव्याध (गुदद्वारातल्या फुगलेल्या शिरा), फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर), भगंदर (गुदद्वाराशेजारी तयार झालेली, पू वाहणारी नळी) ही तीन वेगळी दुखणी. आपल्या घरांत मात्र तिन्ही ‘मूळव्याध’ म्हणूनच खपतात, आणि तेही आवाज खाली आणून. इंदुरात रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरात आजोबा ज्याचा उच्चार सुनेसमोर करणार नाहीत, तेच बाहेर भिंतीवर हिंदीत हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं : ‘बवासीर, भगंदर, बिना ऑपरेशन’. आत लाज आणि बाहेर पाटी. रुग्ण डॉक्टरकडे उशिरा पोहोचतो, तो या दोहोंच्या मधे अडकून. आणि 2020 मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांनी या शस्त्रक्रिया कराव्यात का यावरून देशभर जो वाद पेटला, त्यात नेमका हाच माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

जुन्या काळाबद्दल थोडक्यातच. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार वर्णिले आहेत. क्षारसूत्राचा, म्हणजे क्षाराचे लेप दिलेल्या धाग्याचा, उल्लेख त्याच ग्रंथात नाडीव्रणाच्या (नळीसारख्या खोल जखमेच्या) उपचारात येतो, आणि थोराचा चीक व हळद वापरून ते कसं करायचं याची कृती अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात मिळते. युरोपात ग्रीक वैद्य घोड्याचा केस आणि धागा वापरून नळी हळूहळू कापत. फ्रान्सच्या एका राजावर 1686 मध्ये भगंदराची शस्त्रक्रिया झाली आणि ती यशस्वी ठरली. इंदुरात 1878 साली वैद्यकीय शाळा निघाली, 1948 मध्ये महाविद्यालय आलं, आणि भगंदर म्हणजे सर्जनकडे जाऊन ‘कापून घेणं’ असं समीकरण रुळलं. धागा वैद्यांच्या पोथीत राहिला.

तो पोथीतून बाहेर आला 1960 च्या दशकात, बनारसमध्ये. तिथल्या विद्यापीठातल्या शल्यतंत्राच्या (आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेच्या) अध्यापकांनी कृती ठरीव केली. 20 नंबरचा लिननचा धागा चौकटीवर ताणायचा, त्यावर थोराच्या चिकाचे 11 थर, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे 7, शेवटी चीक आणि हळद यांचे 3. एकूण 21 थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. तयार धागा पिवळा, ताठ, बोटाला खरखरीत लागतो. रुग्णाच्या नळीतून तो ओवतात आणि बाहेर सैलसर गाठ मारतात. आठवड्याने जुन्या धाग्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घेतात, म्हणजे दर वेळी नव्याने वाट शोधावी लागत नाही. आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर नळी कापली जाते, आणि कापलेला भाग मागून भरत येतो. बदलण्याच्या दिवशी जळजळ होते, पण बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी दुकानावर किंवा कचेरीत बसू शकतात.

हे हळू कापणं एवढं महत्त्वाचं का? भगंदराची नळी बहुधा गुदद्वारातल्या ग्रंथीच्या संसर्गातून सुरू होते. पू साचतो, बाजूला फोड येऊन फुटतो, बरं वाटतं, तोंड मिटतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. नळी शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूंमधून किती वर गेली आहे, यावर सगळं अवलंबून आहे. वरवरची असेल तर सर्जन ती एका बैठकीत उघडी करतात आणि माणूस बरा होतो. ती स्नायूच्या मोठ्या भागातून जात असेल आणि एकदम कापली, तर गॅस, पातळ शौच यांवरचा ताबा जाऊ शकतो. नळीच्या मार्गाची आजही वापरात असलेली वर्गवारी 1976 मध्ये लंडनमधून आली. आता एमआरआयवर तो मार्ग आधीच दिसतो.

धाग्याची कसोटीही झाली. वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेने देशातल्या अनेक केंद्रांवर पाचशेहून थोड्या अधिक रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली आणि निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेने जखम सुमारे 4 आठवड्यांत भरत होती, धाग्याने 8. भगंदर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण मात्र शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के आणि धाग्यानंतर 4 टक्के आलं. म्हणजे वेळ दुप्पट आणि खात्री जास्त. आयुर्वेदाच्या इतर किती दाव्यांमागे असा कागद आहे, हे ज्याचं त्याने पाहावं. इथे तो आहे.

आता 19 नोव्हेंबर 2020. भारतीय वैद्यकपद्धतींच्या शिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर नियमांत दुरुस्ती केली. शल्य आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा, दात) शाखांच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या शस्त्रक्रिया शिकायच्या आणि नंतर ‘स्वतंत्रपणे’ करायच्या, याची यादी दिली : शल्यतंत्राच्या 39 आणि शालाक्याच्या 19, मिळून 58. मूळव्याध, फिशर, भगंदर त्यात होतेच. पण त्यांच्या शेजारी गँगरीनमध्ये अवयव कापणं होतं, मोतीबिंदू होता, रूट कॅनॉलसुद्धा होता. आधुनिक डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने 11 डिसेंबरला बारा तास तातडीच्या आणि कोविडच्या सेवा वगळून काम बंद ठेवलं. ‘मिक्सोपॅथी’, म्हणजे वैद्यकपद्धतींची सरमिसळ, हा शब्द त्या आठवड्यात घराघरांत पोहोचला. सरकारने खुलासा केला की यात नवीन काही नाही, आयुर्वेद महाविद्यालयांत हे आधीपासून चालतं, आणि शस्त्रक्रियांची आधुनिक नावं कुणा एकाची मालमत्ता नाहीत.

भूल कोण देणार, रक्तस्राव झाला तर कोण सावरणार, हे विरोधकांचे प्रश्न खरे होते. पण माझ्या मते खरी चूक 58 गोष्टी एका दोरीत बांधण्यात झाली. मोतीबिंदूचा आणि भगंदराचा दावा सारख्या वजनाचा नाही. भगंदरात आयुर्वेदाच्या बाजूला चाचणी, पद्धत आणि दशकांचा अनुभव होता. बाकी यादीसाठी तशी तयारी होती का, हा वेगळा प्रश्न होता आणि तो वेगळाच विचारायला हवा होता. विरोधकांनी सरसकट नाकारलं, समर्थकांनी सरसकट सुश्रुताचं नाव घेतलं. रुग्णाला हवी असलेली माहिती, म्हणजे कोणती नळी धाग्याची आणि कोणती सर्जनची, दोन्हीकडच्या पत्रकांत आली नाही. ती परिषदही पुढे राहिली नाही. 2021 मध्ये तिच्या जागी आयोग आला.

भिंतीवरच्या पाटीवाल्यांना मात्र ना ही अधिसूचना लागू, ना तो संप. कुठलीही पदवी नसलेला माणूस मूळव्याधीत कसलंसं इंजेक्शन देतो, आतली कातडी सडते, आणि रुग्ण मग सरकारी रुग्णालयात येतो. त्याहून वाईट म्हणजे रक्त पडतंय म्हणून वर्षभर मलम लावत बसलेल्या माणसाला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग निघतो. बोट घालून तपासायला एक मिनिट लागतं. ते मिनिट लाजेपायी टळलेलं असतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत लेझर आणि कॅमेऱ्याच्या पद्धती आल्या आहेत. स्नायू कापावा लागत नाही हा त्यांचा मोठा फायदा. पण नळी पुन्हा उघडू शकते, हे जाहिरातीत नसतं. धागा लावणारे आयुर्वेदातले अनेक शल्यचिकित्सक आता गुंतागुंतीच्या भगंदरात आधी एमआरआय मागवतात, आणि सर्जनही अवघड नळीत साधा धागा, म्हणजे सेटन, ठेवतात. वारंवार परतणाऱ्या नळीचा तुकडा क्षयासाठी तपासायला पाठवणं आपल्या देशात दोघांनाही गरजेचं आहे. क्षय निघाला, तर क्षयाची औषधं सुरू केल्याशिवाय नुसत्या धाग्याने किंवा चाकूने तो बरा होत नाही.