चाकोरीची ऊब, चाकोरीचं भय

दिवाळीत भाची आली होती. "मामा, मारामारी नको, राक्षस नकोत, घरातल्या माणसांचं शांत काहीतरी वाचायला दे ना." मी फराळाच्या डब्यांत गुंतलो होतो. कपाटाकडे मान वळवून म्हटलं, "बघ तिथे, घे काहीही." तिने शूझो ओशिमीच्या 'ची नो वादाची' या जपानी चित्रकथेचा पहिला खंड उचलला. इंग्रजीत त्याचं नाव 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'. अर्ध्या तासाने पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा खूश होती. आई, मुलगा, शाळा, नाश्ता. "एकदम स्लाइस ऑफ लाइफ आहे रे!" संध्याकाळी तेच पुस्तक दोन बोटांत धरून आणलं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. "हे काय दिलंस तू मला?"

नावात रक्त आहे हे तिने वाचलं होतं. तिला वाटलं, रक्ताचं नातं.

तिला हसायचं कारण नाही. मानसिक भयाची मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) आणि रोजच्या जगण्याचा ॲनिमे (म्हणजे जपानी चलत्चित्रं), ज्याला सगळे स्लाइस ऑफ लाइफ म्हणतात तो, हे दोन प्रकार सुरुवातीला ओळखू येत नाहीत. दोन्हींत फारसं काही घडत नाही. दोन्हींत जेवणाची ताटं, शाळेचा रस्ता, खिडकीतून येणारं ऊन. इनिओ असानोच्या 'ओयासुमी पुनपुन' या मांगेला तर लोक ही दोन्ही लेबलं एकदम चिकटवतात आणि कोणी चूक म्हणत नाही.

'वादाची' या जपानी शब्दाचा अर्थ गाडीच्या चाकांनी पडलेले चर. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: चाकोरी. आणि मराठीत चाकोरी म्हणजे रोजचं ठरलेलं जगणंही. ओशिमीच्या पुस्तकाचं नाव मराठीत 'रक्ताची चाकोरी' असं होईल, आणि मला वाटतं ते जपानीपेक्षाही जास्त बोलेल. कारण दोन्ही प्रकारांचा कच्चा माल चाकोरीच आहे. एकात ती ऊब देते, दुसऱ्यात तिच्यातून बाहेर पडता येत नाही.

आधी एक गोंधळ बाजूला करतो. मानसिक भय म्हटलं की लोक भयमांगा काढणाऱ्या जुंजी इतोचं नाव घेतात. इतो थोर आहे, पण 'उझुमाकी'त गावाला सर्पिल आकाराचा शाप लागतो, माणसांची शरीरं पिळवटतात, एक पोरगा गोगलगाय होतो. ते भय बाहेरून येतं. गाव सोडता आलं असतं तर सुटका होती. मानसिक भयात गाव सोडून उपयोग नसतो, कारण जे आहे ते स्वयंपाकघरात उभं असतं आणि तुम्हाला जेवायला वाढत असतं.

आता ओशिमी जवळून. (पुढच्या दोन परिच्छेदांत पहिल्या खंडाचा शेवट फुटतो. वाचायचा बेत असेल तर उडी मारा.) तेरा वर्षांचा सेइइची, आई सेइको, वडील. गाव गुन्मा प्रांतातलं; ओशिमीही त्याच प्रांतातला. सकाळी आई विचारते, वाफवलेला पाव कोणता देऊ, मांसाचा की गोड सारणाचा? लहानपणी एका पडलेल्या मांजराला हात लावला तर ते थंडगार होतं, अशी मुलाची एक आठवण आहे. चुलत भाऊ शिगेरू घरी येतो, काका-काकू आईला चिडवतात की तू पोराला फार जपतेस. एवढंच. शंभर पानं हेच. माझ्या भाचीने याला शांत म्हटलं ते बरोबरच होतं.

मग सुट्टीत सगळं कुटुंब डोंगरावर जातं. शिगेरू कड्याशी मस्ती करतो, तोल जातो, सेइको झेप घेऊन त्याला घट्ट धरते. वाचला. आणि मग ती त्याला ढकलते. या जागी ओशिमी घाई करत नाही. संवाद नाहीत. पानामागून पान फक्त चेहरे, हात, झाडं, आकाश. आईचा चेहरा मुलाकडे वळतो आणि तो चेहरा रागाचाही नाही, पश्चात्तापाचाही नाही. माझा हात पानाच्या कोपऱ्यावर थांबला होता, हे मला चांगलं आठवतं. पुढचं पान उलटलं की आई बोलणार. न उलटलं तर नाही बोलणार. उलटायचं की नाही हे मीच ठरवायचं होतं.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. मांगेत वेळ वाचकाच्या हातात असतो. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि मुरलेला चित्रकार धक्का नेहमी पान उलटल्यावर ठेवतो. म्हणजे दार तुम्ही उघडता. आतलं दिसलं की थोडा दोष तुमचाही. शिवाय चेहरा चौकटीत गोठलेला असतो, तो हलत नाही, पापणी मिटत नाही, तुम्ही बघाल तितका वेळ तोही तुमच्याकडे बघतो. आवाजही नसतो. मांगेत शांततेलाही लिहायचा एक आवाज आहे, 'शीऽन'. म्हणजे काहीच ऐकू येत नाही, हे अक्षरांत काढून दाखवतात. पडद्यावर ते कसं करणार?

आता दुसरी बाजू. 'युरू कॅम्प' या ॲनिमे मालिकेचा पहिला भाग, जानेवारी २०१८. रिन नावाची शाळकरी मुलगी हिवाळ्यात सायकलवरून मोतोसू तलावाशी एकटी मुक्कामाला जाते. तंबू ठोकते, काटक्या आणि पाइनची बोंडं गोळा करते, शेकोटी पेटवते, पुस्तक वाचते. अर्धा भाग यातच जातो. कोणी बोलत नाही म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी शौचालयाजवळच्या बाकावर एक मुलगी झोपलेली दिसते. रात्री रिन पुन्हा तिकडे जाते तर बाक रिकामा, आणि काळोखातून तीच मुलगी रडवेल्या चेहऱ्याने पुढ्यात येते. रिन किंचाळून पळत सुटते.

एवढाच तुकडा कापून कोणाला दाखवला तर तो भयपटच म्हणेल. निर्जन तलाव, रात्र, एकटी मुलगी, मागे धावणारं कोणीतरी. पण पुढच्या मिनिटाला दोघी शेकोटीशी बसून गरम पाणी ओतलेल्या करी नूडल्स खात असतात. ती दुसरी, नादेशिको, फुजी पर्वत बघायला आली होती. हजार येनच्या नोटेमागचा फुजी याच तलावावरून दिसतो. (२०२४ साली नोट बदलली, आता मागे होकुसाई या चित्रकाराची लाट आहे.) दिवसा ढग होते, वाट पाहता पाहता झोप लागली. आता ढग सरकतात आणि चांदण्यात फुजी दिसतो.

हे मांगा म्हणून वाचलं तर गोड आहे, पण पाच मिनिटांत संपतं. ॲनिमेत ते चालतं, कारण तिथे वेळ माझ्या हातात नाही. पाणी उकळायला जितका वेळ लागेल तितका दिग्दर्शक लावतो, आणि मला बसावं लागतं. लाकूड तडतडतं, झाकण थरथरतं. 'के-ऑन!'चंही तसंच. मुळात ती चार चौकटींची विनोदी मांगा, चौथ्या चौकटीत हशा. क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओने २००९ मध्ये तिचा ॲनिमे केला, दिग्दर्शनात नाओको यामादाचं ते पहिलंच मोठं काम, आणि तिने हशाच्या आजूबाजूला हवा भरली. पोरी गाण्याच्या क्लबात सराव करण्याऐवजी चहा पितात, केक खातात. शाळेची इमारत शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावच्या जुन्या शाळेवरून घेतली आहे, जिन्याच्या कठड्यावरचं कासवसुद्धा.

या निवांत कथांना जपानीत 'इयाशिकेई' असंही म्हणतात, मन बरं करणाऱ्या. ही बरं होण्याची भूक तिकडे नव्वदीच्या दशकात वाढली. जानेवारी १९९५ मध्ये कोबेचा भूकंप झाला, ६,००० हून जास्त माणसं गेली. दोनच महिन्यांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला. रोजचं घर आणि रोजची लोकल, दोन्ही एका वर्षात बिनभरवशाची ठरली. अशा देशाला चहाचा कप बघत बसावंसं वाटलं यात नवल नाही. आणि रोजच्या गोष्टींची भीतीही वाटली असेल, तर त्यातही नाही.

ऊब आणि भय किती जवळ राहतात याचा सगळ्यात साधा दाखला म्हणजे 'साझाए-सान'. एका साध्या कुटुंबाची मालिका, १९६९ पासून रविवारी संध्याकाळी चालू आहे. तिच्यात काहीच भीतिदायक नाही. पण तिचं शेवटचं गाणं वाजलं की सोमवार आलाच, या विचाराने पोटात गोळा येतो, त्याला जपानी माणसं 'साझाए-सान सिंड्रोम' म्हणतात. रविवारी रात्री गणवेशाला इस्त्री करताना आपल्यालाही जे होत असे ते हेच, फक्त आपण त्याला नाव दिलं नाही.

माझा सिद्धांत तपासायला एक माणूस उपयोगी पडतो, हिरोशी नागाहामा. त्याने 'मुशिशी' केली, २००५ साली, रानावनांतली इतकी शांत मालिका की लोक ती झोपताना लावतात. त्यानेच २०१३ मध्ये ओशिमीच्या 'आकू नो हाना'चा ॲनिमे केला आणि २०२४ मध्ये 'उझुमाकी'चा. 'आकू नो हाना'त त्याने खऱ्या नटांचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं काढली. मांगेचे चाहते खवळले: आमचे चेहरे कुठे गेले? त्यांचं दुःख मला समजतं. ओशिमीचे गोठलेले चेहरे तिथे नाहीतच. पण नागाहामाला कळलं होतं की पडद्यावर चेहरा गोठवून भागणार नाही. म्हणून त्याने निवांत मालिकेचं हत्यार उचललं. वर्गाची नासधूस करून एक मुलगा आणि एक मुलगी पहाटे हात धरून घरी चालत जातात, आणि ते चालणं तो कित्येक मिनिटं दाखवतो. संवाद नाही. रस्ता, पावलं, उजाडणं. 'युरू कॅम्प'मधलं पाणी उकळावं तितक्याच सावकाश. फक्त इथे घरी पोचायची भीती वाटते.

सीमेवर मुद्दाम खेळणारेही आहेत. 'गाक्को गुराशी'त गोड पोरींचा शाळेतच राहायचा क्लब आहे, आणि २०१५ च्या ॲनिमेच्या पहिल्या भागाच्या शेवटी कळतं की शाळेबाहेर जग उरलेलं नाही. मजा अशी की ती मांगा 'मांगा टाइम किरारा फॉरवर्ड' मासिकात यायची, आणि 'युरू कॅम्प'ही तिथेच सुरू झाली. मला ही युक्ती फार भावली नाही. एकदा कळल्यावर ती कोडं होते, आणि सुटलेलं कोडं कोण पुन्हा घालतं?

'हारुही सुझुमिया' या ॲनिमे मालिकेतलं 'एंडलेस एट' मात्र अजून छळतं. २००९ च्या उन्हाळ्यात सलग आठ आठवडे तोच भाग. पोहणं, किडे पकडणं, फटाके, बोन सणाचा नाच, सुट्टी संपायच्या आत सगळी मौज. प्रत्येक वेळी चित्रं नव्याने काढलेली, कपडे वेगळे, संवाद जवळपास तेच. ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे १५,५३२ वेळा फिरले आहेत, आणि युकी नागातो या एकाच मुलीला ते सगळे आठवतात. रक्ताचा थेंब नाही, भूत नाही. निवांत मालिकेत जे जे असतं तेवढंच, फक्त संपत नाही. तेव्हा प्रेक्षक शिव्या देत होते. मी तिसऱ्या भागाला कंटाळलो, पाचव्याला चिडलो, आणि सातव्याला नागातोचा निर्विकार चेहरा बघून घाबरलो. ती चाकोरी शेवटी मोडते ती कशाने? सगळ्यांनी मिळून राहिलेला गृहपाठ करायचा ठरवला म्हणून.

तक्रारी माझ्याही आहेत. ओशिमी १७ खंड ताणतो आणि मध्ये दोन-तीन खंड तीच जखम खरवडत बसतो. निवांत मालिकांत पोरींना परीक्षेचा ताण येतो तो दहा मिनिटांपुरता, आणि घरातले मोठे कुठे गायब असतात कोण जाणे. आई-बाप आले की गोष्ट दुसऱ्या कपाटात जाईल, हे लिहिणाऱ्यांना बहुधा माहीत असावं.

भाचीला प्रायश्चित्त म्हणून भाऊबिजेच्या रात्री 'युरू कॅम्प' लावून दिली. पांघरूण घेऊन, चकली खात, ती छान रमली. शेकोटी पेटली तेव्हा म्हणाली, "हे पाहिजे होतं मला." मग रिन टॉर्च घेऊन निघाली, बाक रिकामा दिसला, आणि पोरीने रिमोट उचलून चित्र थांबवलं.

"मामा," ती म्हणाली, "आधी सांग, हिची आई कुठे आहे?"