रग्बी सेव्हन्सच्या मोठ्या स्पर्धेत देश पोचतात कसे, त्याची मागची गोष्ट

२०२४ च्या जुलैमधली संध्याकाळ. पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन व्हायला अजून दोन दिवस होते पण रग्बी सेव्हन्सच्या मॅचेस आधीच चालू झालेल्या, मी मोबाईल डब्याला टेकवून ठेवून भाकऱ्या थापत बघत होते आणि बाबा इथल्या, बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून भाजीची पिशवी घेऊन आले ते तिथेच ओट्यापाशी उभे राहिले. बोटांनी मोजलं त्यांनी. "सातच जण? हे तर आपल्या हुतुतूएवढेच." मग एकानं पळणाऱ्याच्या कमरेला मिठी घालून त्याला आडवा केला तसे ते अजून पुढे सरकले आणि पिशवी खाली ठेवायचं राहूनच गेलं. मग विचारलं, आपली टीम कधी आहे? म्हटलं बाबा, आपली नाहीये, क्वालिफाय झालो नाही. तर म्हणाले, "नाही झालो म्हणजे? हरलो कुणाशी?"

प्रश्न साधा होता पण उत्तर देता देता भाकरी करपली, कारण आपण कुणाशी हरलो हे एका वाक्यात सांगता येत नाही, त्यासाठी हे सगळं कुठून चालू झालं तिथपासून यावं लागतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

खेळ जन्मला स्कॉटलंडमधल्या मेलरोज नावाच्या छोट्या गावात, १८८३ साली. क्लबला पैशाची चणचण होती, नेड हेग नावाचा एक खाटीक क्लबातून खेळायचा, त्यानं सुचवलं की स्पर्धा ठेवू आणि तिकीट लावू. पण पंधरा-पंधरा जणांच्या पूर्ण मॅचेस एका दुपारी किती होणार, म्हणून प्रत्येक बाजूला सातच माणसं आणि मॅचही आखूड. आजही तसंच आहे, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं दम खायला, मैदान मात्र पंधरा जणांचं असतं तेवढंच मोठं. म्हणजे माणसं निम्म्याहून कमी आणि जागा तेवढीच, त्यामुळे एक टॅकल, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडणं, चुकला की समोरचा थेट रेषेपलीकडे. बॉल त्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय, त्याचे ५ पॉइंट, आणि ट्रायनंतर मिळणाऱ्या किकचे २. चौदा मिनिटांत कोणीही कोणालाही हरवू शकतो, आणि या एका गोष्टीमुळे पुढे क्वालिफिकेशनचं सगळं राजकारण झालं असं माझं मत आहे.

पुढची कित्येक वर्षं क्वालिफाय वगैरे काही नव्हतंच, बोलावणं यायचं. १९७६ ला हाँगकाँग सेव्हन्स सुरू झालं आणि तिथे आशियातल्या, पॅसिफिकमधल्या टीमांना आमंत्रण जायचं, फिजीसारखा छोटा देश जगाला दिसला तो तिथेच. ही पद्धत दिलदार होती पण त्यात हक्क नव्हता, बोलावलं तर जायचं आणि नाही बोलावलं तर काय करणार. १९९३ ला पहिला सेव्हन्स वर्ल्ड कप एडिनबरोच्या मरेफील्डवर झाला, कपाचं नावच मेलरोज कप, २४ टीम, आणि फायनलला इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला २१-१७ हरवलं. वर्ल्ड कप म्हटलं की कोण येणार याचा नियम लागतोच. तो पुढे असा बसला की मागच्या वेळी क्वार्टर फायनलला पोचलेल्या आठ जणांना थेट जागा आणि बाकीच्यांनी आपापल्या खंडातून जिंकून यायचं. बायकांचा वर्ल्ड कप चालू व्हायला मात्र २००९ उजाडलं, दुबईत, तो ऑस्ट्रेलियानं घेतला. सोळा वर्षं उशीर, आणि त्याचा परिणाम मुलींच्या टीमांना पैसा आणि कोच मिळण्यावर झाल्याशिवाय राहिला नसणार.

इथे बडोद्याचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हुतुतू, म्हणजे कबड्डी, गावोगाव वेगळ्या नियमानं खेळली जायची. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियम छापले आणि १९२३ ला अखिल भारतीय स्पर्धा इथेच भरली. नियम लिहिला गेला म्हणून बाहेरगावची टीम येऊन भांडण न करता खेळू शकली, बाबांचे वडील हे फार अभिमानाने सांगायचे म्हणे. खेळ एका गावाचा राहत नाही तो असा. रग्बीवाल्यांना मेलरोजपासून ऑलिंपिकपर्यंत जे करावं लागलं ते मुळात हेच आहे, फक्त आकडा मोठा.

१९९९-२००० ला वर्ल्ड सिरीज आली, म्हणजे वर्षभर वेगवेगळ्या शहरांत स्पर्धा आणि सगळीकडचे पॉइंट मिळवून शेवटी एक विजेता. पहिल्या सहाही सिरीज न्यूझीलंडनं घेतल्या. यात ज्यांची जागा कायम त्यांना कोअर टीम म्हणतात, आणि कोअर असणं म्हणजे वर्षभर मोठ्यांशी खेळायला मिळणं. ज्यांना मिळत नाही ते वर्षातून एखाद-दोन स्पर्धा खेळतात आणि तिथे एक वाईट दुपार गेली की वर्ष वाया. मुलींची सिरीज २०१२-१३ ला आली. पुढे पुरुषांच्या कोअर टीम पंधरा झाल्या आणि २०२३-२४ पासून बाराच ठेवल्या, आणि २०२५-२६ पासून तर सगळ्यात वरच्या पायरीवर आठच टीम आणि खाली अजून दोन पायऱ्या. मला हे पटत नाही. वर जागा कमी केल्या की मॅचेस चुरशीच्या होतात हे खरं पण खालच्याला मोठ्यांसमोर चुका करून शिकायला मिळायचं ते जातं.

आता ऑलिंपिक. पंधरा जणांचं रग्बी फार पूर्वी ऑलिंपिकमध्ये होतं, १९२४ ला शेवटचं, आणि सोनं अमेरिकेनं नेलं होतं. मग सगळं थंड. ऑक्टोबर २००९ ला कोपनहेगनला ऑलिंपिक कमिटीची बैठक झाली आणि २०१६ पासून सेव्हन्स घ्यायचं ठरलं, ८१ मतं बाजूने आणि ८ विरोधात. जागा किती? पुरुषांच्या १२ आणि बायकांच्या १२, बास. अख्ख्या जगातून बारा.

या बारांची वाटणी रिओसाठी जशी ठरली तशीच साधारण पुढे चालली. एक जागा यजमानाला. चार जागा वर्ल्ड सिरीजमधल्या पहिल्या चारांना. सहा जागा सहा विभागांना, आशिया, आफ्रिका, युरोप, ओशनिया, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, प्रत्येकी एक. ह्या झाल्या अकरा. उरलेली एक रेपेचेजला. कुस्ती बघणाऱ्या आपल्या लोकांना रेपेचेज शब्द नवा नाही, रिओला साक्षी मलिकला ब्राँझ त्यातूनच मिळालं, पण रग्बीतलं रेपेचेज वेगळं, इथे खंडाखंडातून थोडक्यात हुकलेल्या टीम एका जागी गोळा होतात आणि फक्त जो जिंकेल तो जातो, बाकी सगळे घरी.

यात एक गंमत म्हणजे सिरीजमध्ये तेव्हा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगळे खेळायचे पण ऑलिंपिकमध्ये तिघं मिळून ग्रेट ब्रिटन. २०१४-१५ च्या सिरीजला इंग्लंड चौथं आलं आणि त्या जिवावर ग्रेट ब्रिटनला रिओचं तिकीट मिळालं, फायनलपर्यंत गेलेसुद्धा, तिथे फिजीनं त्यांना ४३-७ धुतलं आणि फिजीला आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक मेडल मिळालं, तेही सोन्याचं. तेच ग्रेट ब्रिटन आठ वर्षांनी पॅरिसला पुरुषांत नव्हतंच. युरोपात आयर्लंडनं अडवलं आणि मग मोनॅकोच्या रेपेचेजच्या फायनलला हरले.

कुणाशी हरले ते महत्त्वाचं, साउथ आफ्रिकेशी. सप्टेंबर २०२३ मध्ये हरारेला आफ्रिकेची क्वालिफायर होती. साउथ आफ्रिका म्हणजे सेव्हन्समधलं मोठं घराणं, कॉमनवेल्थचं सोनं दोनदा, आणि समोर केनिया, जी टीम चारच महिन्यांपूर्वी लंडनला कॅनडाशी १२-७ हरून वर्ल्ड सिरीजमधून खाली पडलेली. केनियानं फायनल १७-१२ घेतली. एका दुपारीत मोठं घराणं बाहेर. मग जून २०२४ ला मोनॅको, तिथे फायनलला ब्रिटनला १४-५ हरवून शेवटच्या, बाराव्या जागेवरून साउथ आफ्रिका पॅरिसला आली. पूलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गटात, आयर्लंडशी १०-५ हरली, न्यूझीलंडशी १७-५ हरली, जपानला मात्र ४९-५ मारलं. आता हिशोब बघा, तीन पूल, प्रत्येकातले पहिले दोन आत म्हणजे सहा, आणि तिसऱ्या नंबरच्या तिघांतले चांगले दोन, ते ठरवताना बरोबरी झाली की मॅचेसमधल्या पॉइंटांचा फरक बघतात. दोन मॅचेस हरली पण फार फरकानं नाही, आणि जपानवर ४४ चा फरक काढला म्हणून साउथ आफ्रिका क्वार्टर फायनलला घुसली, तिथे त्याच न्यूझीलंडला १४-७ हरवलं आणि शेवटी ऑस्ट्रेलियाला हरवून ब्राँझ घेतलं. त्यामुळे मॅच हातातून गेली तरी शेवटच्या मिनिटाला जो खेळाडू जीव तोडून टॅकल करतो तो काय वाचवत असतो हे आता बाबांना पाठ झालंय.

आशियाची गोष्ट सांगताना मला हाँगकाँगचं वाईट वाटतं. ज्या शहरानं हा खेळ जगाला दाखवला त्यांची पुरुषांची टीम अजून ऑलिंपिक खेळलेली नाही. २०१५ ला आशियाची क्वालिफायर त्यांच्याच घरी होती, फायनलला जपाननं २४-१० हरवलं. २०१९ ला इंचॉनमध्ये फायनल जादा वेळेत गेली आणि कोरियानं १२-७ घेतली. २०२३ ला ओसाका, परत जपान, १४-०. तीन ऑलिंपिक, तिन्ही वेळा शेवटच्या पायरीवर पाय घसरला. आणि रिओला गेलेल्या जपाननं पहिल्याच दिवशी न्यूझीलंडला १४-१२ हरवलं होतं, म्हणजे आशियातून येणारा कच्चाच असतो असं कोणी म्हणू नये. काही जण म्हणतात की खंडाला एक जागा दिल्यामुळे कमजोर टीम येतात, टोकियोला कोरिया न्यूझीलंडकडून ५०-५ हरली आणि शेवटचा नंबर आला. आला तर आला. ते पाच पॉइंट कोरियाचा ऑलिंपिकमधला पहिला ट्राय होता, आणि अर्ध्याहून जास्त माणसं राहतात त्या आशियाला एकही जागा नसती तर हा खेळ जगाचा कसा म्हणायचा.

तर बाबांचा प्रश्न, आपण हरलो कुणाशी. आशियातसुद्धा पायऱ्या आहेत. वर एशिया सेव्हन्स सिरीज, त्यात जपान, हाँगकाँग, चीन, कोरिया वगैरे. खाली सेव्हन्स ट्रॉफी, आणि आपल्या टीम गेली काही वर्षं बहुतेक या खालच्या पायरीवर खेळतात. ट्रॉफीत वर आलो की सिरीजचं दार उघडतं, सिरीजमध्ये टिकलो की जपान-हाँगकाँगशी बरोबरीच्या मॅचेस मिळतात, आणि त्यांना हरवलं तर ते एक तिकीट. मुली जास्त जवळ आहेत, २०२२ ला जकार्तात त्यांनी ट्रॉफीत सिल्व्हर घेतलं, फायनलला थायलंडशी हरल्या, आणि २०२४ ला काठमांडूला परत सिल्व्हर. पंधरा जणांच्या रग्बीत २०१९ ला सिंगापूरला हरवून त्यांनी पहिली इंटरनॅशनल मॅच जिंकली होती. म्हणजे आपण कोणा एकाशी हरलेलो नाही बाबा, आपण अजून त्या खोलीबाहेरच्या जिन्यावर आहोत.

एकदा मात्र जिना न चढता आत गेलो होतो, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थला, यजमान म्हणून. मोठ्या टीमांपुढे निभाव लागला नाही पण देशात कित्येकांनी हा खेळ पहिल्यांदा तेव्हाच बघितला. कॉमनवेल्थमध्ये सेव्हन्स १९९८ च्या क्वालालंपूरपासून होतं, मुलींचं २०१८ पासून, आणि २०२६ च्या ग्लासगोनं खेळ कमी केले त्यात ते उडालं. २०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला मिळाली आहे, आमच्यापासून एक्सप्रेसवेनं दीड-दोन तास. सेव्हन्स ठेवलं तर यजमानाची जागा परत आपली. मला ती जागा हवी आहे, मनापासून हवी आहे, पण २०१० सारखी नको, त्याआधी ट्रॉफीतून वर चढलेली टीम त्या जागेवर उभी असावी.

बाबांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात हुतुतूवाल्या पोरी उचला, खाली वाकून कमरेत घुसणं त्यांना शिकवावं लागत नाही, फक्त पळता पळता मागे पास द्यायला शिकवा. आमच्या गल्लीतल्या दोघी बहिणी कबड्डी खेळतात, नववीत आणि अकरावीत. परवा रविवारी सकाळी बाबा एक जुना फुटबॉल घेऊन त्यांना पोलो ग्राउंडला घेऊन गेले, अंडाकृती बॉल बडोद्यात दुकानात मागितला तर मिळाला नाही म्हणून फुटबॉल. तासभर नुसतं पळायचं आणि बॉल मागे टाकायचा, पुढे टाकला की बाबा शिट्टी वाजवायचे. धाकटीनं विचारलं, आजोबा पुढे का नाही टाकायचा, पुढे तर जायचंय ना?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं नियमच आहे तसा, बॉल मागे आणि आपण पुढे. पुढच्या रविवारी परत जायचं ठरलंय, खरा बॉल ऑनलाइन मागवलाय, चार नंबरचा.