ॲलेक गिनेस : आधी चाल, मग माणूस

'स्टार वॉर्स'मधला पांढऱ्या दाढीचा ओबी-वान केनोबी, एवढ्यावरच आज बहुतेकांची सर ॲलेक गिनेस यांच्याशी ओळख थांबते. १९७७ साली तो चित्रपट आला तेव्हा गिनेस ६३ वर्षांचे होते आणि रंगमंचावर पाऊल टाकून त्यांना ४३ वर्षं झाली होती. लंडनची शेक्सपिअरची रंगभूमी, ईलिंग या लंडनच्या स्टुडिओचे विनोदी चित्रपट, दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचे भव्यपट हे सगळं त्याआधी होऊन गेलं होतं. त्यांची सर्वात बारीक कलाकुसरीची भूमिका मात्र अजून यायची होती. आणि तिच्यानंतर एका गोडबोले नावाच्या ब्राह्मण प्राध्यापकाची, जी मराठी प्रेक्षकाने जरा थांबून पाहावी अशी आहे.

जन्म २ एप्रिल १९१४ चा, लंडनच्या मेडा व्हेल भागातला. आईचं नाव ॲग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि ती शेवटपर्यंत कोरीच राहिली. भाड्याच्या खोल्या, बिलं थकली की मुक्काम हलवणं, अशात बालपण गेलं. शाळा संपल्यावर एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी केली आणि नाटकाचे धडे घ्यायला मार्टिटा हंट या अभिनेत्रीचं दार ठोठावलं. हा मुलगा नट होणार नाही, असं बाईंचं सुरुवातीचं मत होतं. पुढे १९४६ मध्ये डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'वरच्या चित्रपटात गुरू आणि शिष्य दोघेही होते. बाई मिस हॅविशॅमच्या भूमिकेत, गिनेस हर्बर्ट पॉकेटच्या.

शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी गाजलेले नट जॉन गिलगुड यांनी त्यांना पहिला खरा हात दिला. पोराची उपासमार पाहून त्यांनी २० पौंड पुढे केले, ते गिनेसनी घेतले नाहीत; काम मात्र घेतलं. १९३४ साली गिलगुड यांच्या 'हॅम्लेट'मध्ये ते ऑस्रिक हा दरबारी झाले. चार वर्षांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात दिग्दर्शक टायरन गथ्री यांनी ते नाटक आधुनिक कपड्यांत आणि संहितेला कात्री न लावता बसवलं, तेव्हा हॅम्लेट होते २४ वर्षांचे गिनेस. ऑफीलियाच्या दफनाच्या प्रसंगात मंचावर छत्र्या उघडलेल्या होत्या. त्यांचा हॅम्लेट गर्जना करणारा नव्हता, शांत होता. काहींना तो फिका वाटला, पण त्या शांतपणातच त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी होतं.

त्यांची काम करण्याची रीत अशी : आधी चाल शोधायची. माणूस पाऊल कसं टाकतो, वजन टाचेवर असतं की चवड्यावर, खांदे पुढे की मागे, हे पक्कं होईपर्यंत भूमिका हाताला लागली असं ते मानत नसत. त्यासाठी ते रस्त्यात अनोळखी माणसांच्या मागे चालत जात, प्राणिसंग्रहालयात जनावरं न्याहाळत. चाल बसली की आवाज, मग चष्मा, छत्री, टोपी अशा वस्तू, आणि चेहरा सर्वात शेवटी. स्वतःचा चेहरा त्यांना फायद्याचाच होता, कारण त्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. कोऱ्या पाटीवर काहीही लिहिता येतं. धोका एवढाच की लिहिताना हात जड झाला तर पाटीच दिसेनाशी होते, आणि तसं एक-दोनदा झालंही.

मध्ये युद्ध आलं. १९४१ मध्ये ते साधे खलाशी म्हणून नौदलात भरती झाले आणि अधिकारी होऊन सैन्य उतरवणाऱ्या एका नौकेचे कप्तान झाले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरच्या चढाईत वेळ पुढे ढकलल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचला नाही आणि त्यांची नौका इतरांच्या आधी किनाऱ्याला लागली.

युद्धापूर्वी त्यांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं नाट्यरूपांतर केलं होतं. तो प्रयोग पाहिलेले डेव्हिड लीन नंतर त्यांना चित्रपटात घेऊन आले. लीन यांच्या पुढच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये (१९४८) खिसेकापूंचा म्हातारा ज्यू म्होरक्या फेगिन गिनेसनी मागून घेतला. लीन तयार नव्हते. रंगभूषेसह चाचणी पाहिल्यावर मानले. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी कादंबरीतली जॉर्ज क्रुकशँक यांची मूळ चित्रं समोर ठेवली आणि त्यांबरहुकूम लांब आकडेदार नाक, जड पापण्या, विस्कटलेली दाढी असा चेहरा घडवला. कारागिरी म्हणून ते काम अव्वल आहे. (याच फ्रीबॉर्ननी पुढे 'स्टार वॉर्स' मालिकेतला योडा घडवला.)

पण घात झाला तो नेमका त्या इमानदारीमुळेच. १८३०च्या दशकातल्या चित्रांत ज्यू माणसाबद्दलचा सगळा जुना द्वेष रेषांत उतरलेला होता. तो जशाच्या तसा पडद्यावर आला, नाझींच्या छळछावण्या उघड झाल्याला अवघी तीन वर्षं होत असताना. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये छळातून वाचलेल्या ज्यू लोकांनी चित्रपटगृहासमोर निदर्शनं केली. अमेरिकेत चित्रपट १९५१ पर्यंत लागू शकला नाही. लागला तेव्हा सुमारे ७ मिनिटं कापलेली होती, आणि त्यात बाजूने नाक दिसणारी दृश्यं प्रामुख्याने होती. फेगिनचं खुरडत चालणं आणि आवाजातला लाडीगोडीचा सूर गिनेसचा स्वतःचा आहे, तो आजही अंगावर येतो. नाक उसनं होतं, आणि सगळं लक्ष त्या नाकाने खाल्लं.

'ऑलिव्हर ट्विस्ट'च्या पुढच्याच वर्षी याच्या अगदी उलट चमत्कार घडला. ईलिंगच्या 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्ये एक तरुण सरदारकी मिळवण्यासाठी वाटेतल्या वारसांना एकेक करून संपवतो. गिनेसना त्यातल्या चार भूमिका देऊ केल्या होत्या. आठ का नाहीत, अशी तार त्यांनी पाठवली. ड्यूक, बँकर, पाद्री, सेनापती, आरमाराचा ॲडमिरल, दोन तरुण चुलतभाऊ आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या लेडी अगाथा, या आठही जणांत रंगभूषा बेताची आहे. ॲडमिरल आणि सेनापती यांच्यातला फरक मिशीपेक्षा छाती कुठे आणि हनुवटी कुठे धरली आहे यात आहे.

चर्चमधल्या एका चौकटीत सहा गिनेस एकाच वेळी दिसतात. संगणक नसलेल्या काळात छायाचित्रकार डग्लस स्लोकम यांनी हे कॅमेऱ्यातच केलं. भिंगापुढे काळे पडदे लावून चौकटीचे भाग पाडायचे. एकच भाग उघडा ठेवून गिनेसना एका वेषात तिथे बसवायचं आणि दृश्य घ्यायचं. मग तीच फिल्म मोजून, बरोबर पहिल्या चौकटीपर्यंत मागे गुंडाळायची, तो भाग झाकायचा, दुसरा उघडायचा. तोवर नट वेष आणि रंगभूषा बदलून येतो. असं सहा वेळा, काही दिवस चाललेलं. बिघडायला जागा पुष्कळ : कॅमेरा केसभर हलला तर दोन भागांमधला सांधा दिसतो, फिल्म एका चौकटीने चुकली तर मेळ बसत नाही, प्रकाश बदलला तर एक माणूस वेगळाच उजळतो. आणि फिल्म धुऊन येईपर्यंत यातलं काहीच कळत नाही. सहाव्या वेळी चूक झाली तर आधीचे पाचही वाया. कुणी कॅमेऱ्याला धक्का लावू नये म्हणून स्लोकम रात्री स्टुडिओतच झोपले.

यानंतर 'द लॅव्हेंडर हिल मॉब', 'द मॅन इन द व्हाइट सूट' (दोन्ही १९५१) आणि 'द लेडीकिलर्स' (१९५५) या चित्रपटांनी त्यांना घरोघरी पोचवलं. रंगभूमीवर मात्र १९५१ चा मे महिना वाईट ठरला. लंडनच्या न्यू थिएटरमध्ये त्यांनी स्वतः सहदिग्दर्शन करून 'हॅम्लेट' केलं. पहिल्या रात्री प्रकाशयोजनेच्या नव्या यंत्रणेने दगा दिला, प्रकाश भलत्या वेळी भलतीकडे पडत राहिला. पण सगळा दोष दिव्यांवर टाकता येणार नाही. दिग्दर्शक बाहेर बसून पाहतो म्हणून नटाचा तोल राहतो. इथे पाहणारा आणि करणारा एकच होता, आणि ज्या नटाचं बळ कमीतकमी करण्यात आहे त्याला किती कमी झालं हे सांगणारं कुणीतरी लागतंच. या प्रयोगात 'हॅम्लेट'मध्ये होणाऱ्या नाटकातल्या राजाच्या छोट्या भूमिकेत केनेथ टायनन होते. त्यांच्या कामावर 'इव्हनिंग स्टँडर्ड'ने झोड उठवली, त्यांनी पत्र लिहून उत्तर दिलं आणि पुढे त्याच वृत्तपत्राचे ते नाट्यसमीक्षक झाले. १९५३ मध्ये त्यांनी गिनेसवर पुस्तकही लिहिलं.

त्याच वर्षी कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला नाट्यमहोत्सव सुरू झाला, तोही तंबूत. १३ जुलैला 'रिचर्ड तिसरा'मधलं पहिलं वाक्य गिनेसनी उच्चारलं. तिथला मंच प्रेक्षकांमध्ये घुसलेला, तीन बाजूंनी माणसं. अशा मंचावर चेहरा नेहमी कुणाच्या तरी पाठमोरा असतो, म्हणून पाठ आणि पाय बोलावे लागतात. त्यांच्या पद्धतीला हे फार मानवणारं होतं.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'चं (१९५७) चित्रीकरण श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये झालं. जपान्यांच्या कैदेतल्या ब्रिटिश कर्नल निकल्सनकडे कसं पाहायचं यावरून गिनेस आणि लीन यांची सतत खडाजंगी झाली. पण तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून निकल्सनला बाहेर काढतात ते दृश्य पाहा. गुडघे लुळे पडलेत, पाऊल फेकल्यासारखं पडतंय, आणि तरीही कमरेपासून वर अधिकाऱ्याचा ताठा तसाच आहे. ही चाल त्यांनी मुलाकडून, मॅथ्यूकडून घेतली. पोलिओतून उठून तो पुन्हा चालायला शिकत असताना बापाने पाहिलेली. या भूमिकेला ऑस्कर मिळालं. १९५९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

साठचं दशक भरगच्च आणि चढउतारांचं. 'रॉस' नाटकात ते अरबस्तानवाला लॉरेन्स झाले आणि दोनच वर्षांनी लॉरेन्सवरच्या लीन यांच्या चित्रपटात राजपुत्र फैसल. १९६४ मध्ये ब्रॉडवेवर कवी डिलन टॉमसच्या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार. १९६६ चा लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहातला 'मॅक्बेथ' साफ पडला. १९७३ मध्ये ॲलन बेनेट यांच्या 'हेबियस कॉर्पस' या नाटकाच्या अखेरीस ते एकटेच नाचत, मरणाला वाकुल्या दाखवल्यासारखे, आणि तो नाच गाजला. मग 'स्टार वॉर्स'. त्यातले संवाद त्यांना आवडले नव्हते, पण मानधनासोबत नफ्यातला वाटा ठरवून घेतल्यामुळे उतारवयात पैशाची चिंता उरली नाही.

त्यांची सर्वात मोठी कामगिरी माझ्या मते दूरदर्शन मालिकेतली आहे. हेरकथा लिहिणारे जॉन ल कारे यांच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीवरच्या मालिकेचे सात भाग बीबीसीने सप्टेंबर १९७९ पासून दाखवले. कादंबरीतला हेर जॉर्ज स्मायली बुटका, लठ्ठ. आपण तसे नाही अशी हरकत गिनेसनी आधीच घेतली होती. मग त्यांना खरा हेर पाहायचा होता. ल कारे यांनी गुप्तहेर खात्याचे निवृत्त प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्यासोबत जेवण ठरवलं. गिनेसनी काय टिपलं? भडक कफलिंक्स, नारिंगी छटेचे मऊ चामड्याचे बूट, छत्री धरण्याचा वेंधळेपणा, ग्लासच्या आतल्या कडेवरून फिरणारं बोट. जेवण झाल्यावर ओल्डफील्ड रस्त्याने जाऊ लागले तेव्हा गिनेस त्यांची चाल पाहत राहिले.

यातलं थोडंच त्यांनी पडद्यावर वापरलं. स्मायली मुख्यतः ऐकतो. समोरचा बोलत असतो, लपवत असतो, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यावर थांबतो. चष्मा काढला जातो, पुसला जातो, परत चढतो. तेवढ्या वेळात समोरच्याची थाप पकडली गेली हे आपल्याला कळतं. असं दृश्य ओढूनताणून केलं तर नट 'विचार करतोय' हे दाखवू लागतो आणि सगळं ओम् फस्. गिनेस खरोखर ऐकतात. पुढे लिहिताना स्मायलीच्या जागी गिनेसचाच आवाज ऐकू येऊ लागल्याचं ल कारे यांनी सांगितलं आहे.

आता गोडबोले. 'अ पॅसेज टू इंडिया' ही ई. एम. फॉर्स्टर यांची कादंबरी १९२४ ची. त्याआधी १९२१ मध्ये ते देवास थोरल्या पातीच्या पवार महाराजांचे खाजगी सचिव होते. त्या मराठा दरबारात पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरला आहे, आणि तिथे दख्खनी ब्राह्मण असलेले प्रोफेसर नारायण गोडबोले मूर्तीपुढे उभे राहून तुकारामाचं नाव घेत गातात. लीन यांनी १९८४ च्या चित्रपटात ही भूमिका गिनेसना दिली. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ अशा भारतीय नटांच्या शेजारी तपकिरी रंग लावलेला इंग्रज उभा केला, आणि तो रंग प्रत्येक चौकटीत दिसतो. फेगिनच्या नाकाचीच ही पुनरावृत्ती. गिनेसनी या भूमिकेसाठी नाचाचीही तयारी केली होती. संकलनात तो नाच गेला आणि लीन यांच्याशी जवळपास चाळीस वर्षांचं नातं कडू झालं. तुकारामाचं नाव घेत तल्लीन होणारा माणूस कथेतून काढून घेतला की उरतो तो गूढ बोलणारा एक विक्षिप्त म्हातारा. मराठी वाचकाला गोडबोले भेटायचे असतील तर कादंबरीचा तिसरा भागच उघडावा लागेल.

तीन वर्षांनी दोन भागांच्या, सहा तासांच्या 'लिटल डॉरिट' या डिकन्सच्या कादंबरीवरच्या चित्रपटात कर्जापायी तुरुंगात म्हातारा झालेला विल्यम डॉरिट त्यांनी केला. इथे ना उसनं नाक, ना रंग. या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. १९८८-८९ मध्ये लंडनच्या कॉमेडी थिएटरमध्ये 'अ वॉक इन द वूड्स' या दोनपात्री नाटकात ते सोव्हिएत मुत्सद्दी होते, आणि लंडनच्या मंचावरची ती त्यांची शेवटची भूमिका ठरली. ५ ऑगस्ट २००० रोजी वेस्ट ससेक्समधल्या मिडहर्स्ट इथे त्यांचं निधन झालं. १९३८ पासूनच्या जोडीदार, चित्रकार मेरूला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेल्या.