किमान 25 टक्के, तीन वर्षांत

संशोधनाच्या आराखड्यांत एक शब्दरचना हमखास भेटते. ‘अमुक जिल्ह्यातील अमुक समस्येचा चिकित्सक अभ्यास.’ यात विषय आहे, पण प्रश्न नाही. असा अभ्यास कुठे संपला म्हणायचा? आणि उत्तर चुकलं तर ते कळणार कसं?

प्रश्न कसा असावा, याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण गडचिरोलीचं आहे. 1993 ते 1995 या काळात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी 86 गावांतले जन्म-मृत्यू मोजले. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साठच्या आसपास बाळं पहिल्या 28 दिवसांतच दगावत होती. दवाखाना लांब, आणि त्याचा खर्च न परवडणारा. ‘नवजात मृत्यूंचा अभ्यास’ म्हणून हे आकडे छापून थांबता आलं असतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन तिने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचारही केले, तर हे मृत्यू कमी होतील का?

कोणासाठी, काय करायचं आणि कशात फरक पडायला हवा, हे सगळं या एका प्रश्नात आलं आहे. तुलनेची सोयही केली होती. 39 गावांत ही सेवा द्यायची, उरलेल्या 47 गावांत फक्त नोंद ठेवायची.

पण मला खरं कौतुक वाटतं ते गृहीतकाचं. नवजात मृत्युदर तीन वर्षांत किमान 25 टक्क्यांनी घटेल, असं त्यांनी मांडलं. ‘सकारात्मक परिणाम होईल’ असं मोघम लिहिलं असतं, तर पाच टक्के घटीलाही यश म्हणता आलं असतं. इथे आकडा ठरला, मुदत ठरली आणि त्याबरोबर हरण्याची अटही ठरली. तीन वर्षांत 20 टक्केच घट झाली असती, तर गृहीतक पडलं असतं. माझ्या मते गृहीतकाचा कस बघायचा तो इथेच. कोणता निकाल आला तर आपण ‘चुकलो’ म्हणू, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने अजून गृहीतक मांडलेलंच नाही.

वैद्यकीय संशोधनात प्रश्न पारखण्याचे पाच निकष शिकवले जातात. काम आवाक्यातलं आहे का, जाणून घ्यावंसं वाटण्याजोगं आहे का, नवं आहे का, नैतिक आहे का आणि कोणाच्या उपयोगाचं आहे का. इथे सर्वांत अवघड होता तो नैतिकतेचा. डॉक्टर नसलेल्या बाईने काही दिवसांच्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, हे अनेकांना न पटणारं होतं. पण त्या गावांत तुलना डॉक्टरच्या उपचाराशी नव्हतीच. बहुतेक बाळांना उपचारच मिळत नव्हते. नैतिकतेचा विचार करताना हा संदर्भ सुटला, तर चांगला प्रश्न जन्माआधीच मरतो.

उद्दिष्टं म्हणजे या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचायची ठोस कामं. इथे त्यातलं एक फार शहाणपणाचं होतं. जन्म-मृत्यूंची नोंद करणारे कार्यकर्ते वेगळे होते, सेवा देणाऱ्या बायका वेगळ्या. आपल्याच कामाचे गुण आपणच मांडायचे, हा मोह त्यामुळे टळला.

निकाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला. तुलनेच्या गावांतला बदल धरून निव्वळ घट 62 टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 वरून 2.8 टक्क्यांवर उतरलं.

एवढ्या यशातही प्रश्नाच्या मर्यादा बघायला हव्यात. कोणत्या गावांत सेवा द्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. म्हणूनच दोन्हीकडची लोकसंख्या आणि सुरुवातीचा मृत्युदर सारखा होता, हे दाखवणं फार महत्त्वाचं ठरलं. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ऊब, स्तनपान, श्वास कोंडलेल्या बाळावरचे उपचार, इंजेक्शन, आरोग्यशिक्षण असं सगळं एकत्र दिलं गेलं. त्यामुळे एकूण संचाचा परिणाम कळतो; त्यातल्या एकेका गोष्टीचा वाटा वेगळा काढायचा, तर प्रश्नच निराळा रचावा लागतो.

2011 मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. गडचिरोलीत दर पंधरवड्याला पर्यवेक्षण होत असे. तेवढी देखरेख नसताना, लाखो आशांच्या हातून तेवढीच घट साधते का, याचं उत्तर 39 गावांच्या आकड्यांत नाही. त्यासाठी नवा प्रश्न हवा, आणि त्यालाही आधीच लिहून ठेवलेला आकडा आणि मुदत हवी.