जुने फोटो, नकाशे आणि नोंदींमधून स्थानिक इतिहास शोधणं

गाव, वस्ती, एखादा रस्ता किंवा नुसती एक इमारत, तिचा इतिहास शोधायला गेलं की तयार पुस्तक बहुतेक वेळा मिळतच नाही. मोठ्या इतिहासात राजे, लढाया, तह येतात, पण नदीवरचा आधीचा पूल नेमका कुठे होता, गिरणी कधी बंद पडली, शाळा सुरुवातीला कुणाच्या घरात भरायची हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, ते जुने फोटो, नकाशे आणि नोंदी एकमेकांशी ताडून काढावं लागतं. यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी स्वतःच्या कामासाठी बनवलेली असते, म्हणून ती कशासाठी बनली हे आधी बघायचं आणि एकटीवर कधीच विसंबायचं नाही, या कामाचा खरा पाया हाच.

फोटोवर आपला सगळ्यात पटकन विश्वास बसतो, आणि नेमकं तिथेच जपायला हवं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, फ्रान्सचे लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो घेतला. त्यात रस्ता जवळजवळ ओस दिसतो, पण तो ओस नव्हता, त्या काळच्या धातूच्या प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची त्यामुळे हलणारी माणसं, गाड्या उमटल्याच नाहीत. एक माणूस बुटांना पॉलिश करून घ्यायला थांबलेला होता, तो मात्र उमटला, आणि फोटोत दिसणारी पहिली माणसं म्हणून आज बहुतेक हाच फोटो दाखवतात. शिवाय या पद्धतीत डावं-उजवं उलटं यायचं. काचेच्या निगेटिव्हवरून उलट्या बाजूने काढलेल्या प्रिंटमध्येही तेच होतं, अशा वेळी दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघावीत, पाटी नसेल तर पाश्चात्त्य कोट घातलेल्या पुरुषाची बटणं. ती त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला असतात, डाव्या बाजूला दिसली तर फोटो उलटा असण्याची शक्यता दाट.

तारीख ठरवताना फोटोची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच बोलते. पॅरिसचे फोटोग्राफर दिस्देरी यांनी १८५४ मध्ये छोट्या कार्ड फोटोचं पेटंट घेतलं आणि १८६० च्या दशकात अशा कार्डांची लाटच आली, कार्डामागे स्टुडिओचं नाव-पत्ता छापलेला असायचा, तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता हे त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरीत सापडतं. पिक्चर पोस्टकार्डांचं असंच. पत्त्याच्याच बाजूला मजकूर लिहायची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ ला आणि अमेरिकेत १९०७ ला मिळाली, त्यामुळे मागची बाजू रेघेने दुभागलेली असेल तर ते कार्ड त्याआधीचं नाही. टपालाचा शिक्का मात्र फक्त एवढंच सांगतो की फोटो त्या दिवसानंतरचा नाही, कारण आठ-दहा वर्षं जुना फोटोही कार्डावर छापून विकला जायचा. आणि घरच्यांनी पेनने लिहिलेलं वर्ष पुष्कळदा खूप नंतर, आठवणीतून लिहिलेलं असतं, तो धागा आहे, पुरावा नाही.

फोटो नेमका कुठून काढला हे शोधायची पद्धत सोपी आणि फार समाधान देणारी. जवळच्या भिंतीची कड मागच्या मनोऱ्याला किंवा डोंगराला फोटोत जिथे छेदते, तिथेच ती प्रत्यक्षात छेदेपर्यंत डावी-उजवीकडे सरकत राहायचं, अशा दोन जोड्या जुळल्या की कॅमेऱ्याची जागा सापडलीच म्हणायची. जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी आल्प्समधल्या हिमनद्या मोजताना ठरावीक ठिकाणांहून फोटो घेतले होते, पुन्हा त्याच जागेवरून फोटो काढायची आजची पद्धत तिथपर्यंत मागे नेतात.

नकाशावरची छपाईची तारीख आणि मोजणीची तारीख वेगळी असते, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. छपाईसाठी नकाशा कोरलेल्या जुन्याच तांब्याच्या पत्र्यावर नंतर फक्त रेल्वेची रेघ घालून नकाशा परत छापायचे, म्हणजे रेल्वे नवी आणि घरं वीस-तीस वर्षांपूर्वीची असं मिश्रण तयार व्हायचं. नियोजनाच्या नकाशात तर कधीच न झालेले रस्तेही असतात. बारकाव्यासाठी विमा कंपन्यांसाठी काढलेले नकाशे भारी, अमेरिकेत १८६७ पासून सॅनबॉर्न कंपनीने सुमारे १२,००० गावं-शहरांचे असे नकाशे केले. गुलाबी म्हणजे विटांचं, पिवळं म्हणजे लाकडी, निळं म्हणजे दगडी बांधकाम, कारण त्यांना आग लागण्याची भीती किती एवढंच बघायचं होतं. बदल झाला की त्या जागी कागदाची पट्टी चिकटवून दुरुस्ती करायचे. असा जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवता येतो, फक्त जुळवायचे बिंदू (विहीर, पूल, जुना चौक) चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत, एकाच बाजूला घेतले तर बाकीचा नकाशा वाकडा बसतो.

नोंदींमधून नावं मिळतात. घरपट्टीच्या वहीत मालक दिसतो, भाडेकरू बहुधा नाही, जनगणनेत घरातली सगळी माणसं येतात पण ती कागदपत्रं लवकर उघडत नाहीत, अमेरिकेत ७२ वर्षं थांबावं लागतं, इंग्लंड-वेल्समध्ये १०० वर्षं. शाळेचं रजिस्टर, खरेदीखतं, वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिराती इथे खूप कामाला येतात. घरांचे नंबर आणि रस्त्यांची नावं मधेच बदललेली असतात, त्यामुळे फक्त पत्त्यावर न जाता शेजारी कोण होतं हेही जुळवावं.

काही ठिकाणी दप्तरच शिल्लक नसतं. इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत गेले, आणि १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला तेव्हा आयर्लंडच्या कित्येक शतकांच्या नोंदी एका दिवसात गेल्या. पण आयर्लंडच्या त्या कागदांपैकी काहींच्या नकला कारकुनांनी आणि अभ्यासकांनी आधीच करून ठेवलेल्या होत्या, त्या इतर दप्तरखान्यांतून आणि ग्रंथालयांतून शोधून, डिजिटल करून २०२२ पासून ऑनलाइन मोफत बघता येतात आणि अजूनही नव्या सापडतील तशा त्यात भर पडते आहे.