जनरल प्रेसिडेंट, आल्फा फाय आल्फा

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या, ग्रीक अक्षरांवरून नावे घेतलेल्या बंधुसंघांना तेथे फ्रॅटर्निटी म्हणतात. आफ्रिकी-अमेरिकी विद्यार्थ्यांच्या आंतरमहाविद्यालयीन फ्रॅटर्निटींमध्ये आल्फा फाय आल्फा ही आज चालू असलेली सर्वांत जुनी संघटना मानली जाते. तिच्या सर्व शाखांच्या मिळून असलेल्या प्रमुखास जनरल प्रेसिडेंट अशी संज्ञा आहे. काप्पा आल्फा सायमध्ये याच पदाला ग्रँड पोलमार्क, तर ओमेगा साय फायमध्ये ग्रँड बॅसिलियस म्हणतात.

संस्थेचा स्थापनादिन ४ डिसेंबर १९०६ आणि स्थापनास्थळ न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठ, याबद्दल दुमत नाही. पहिला नेता कोण, हा प्रश्न मात्र तितका सरळ नाही. १९०५-०६ च्या शैक्षणिक वर्षात कॉर्नेलमधील मोजके कृष्णवर्णीय विद्यार्थी एका अभ्यासमंडळाच्या निमित्ताने एकत्र येत. आदल्या वर्षीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा जण परत आले नव्हते, आणि उरलेल्यांना एकमेकांचा आधार हवा होता, अशी या मंडळामागची पार्श्वभूमी सांगितली जाते. त्याचे नेतृत्व सी. सी. पॉइंडेक्स्टर या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे होते. मंडळातील रॉबर्ट ओगल यांच्या वाचनात ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रातील एक मजकूर आला. ओहायो राज्य विद्यापीठात पाय गॅमा ओमिक्रॉन नावाची कृष्णवर्णीयांची फ्रॅटर्निटी असल्याचे त्यात म्हटले होते. पत्र पाठवून चौकशी केली असता अशा संघटनेची तेथे नोंद नसल्याचे कळले. परंतु कल्पना रुजली ती रुजलीच. तिच्यावरून मंडळात दोन तट पडले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना असल्या संघाची परंपरा नाही, तेव्हा साहित्यिक व सामाजिक मंडळच पुरे, असे एका गटाचे म्हणणे होते, आणि पॉइंडेक्स्टर यांचा कल त्या बाजूला होता. ४ डिसेंबरच्या सभेला ते उपस्थित नव्हते. फ्रॅटर्निटीचा निर्णय तेथे झाला, पॉइंडेक्स्टर बाजूला झाले आणि जॉर्ज केली हे आल्फा शाखेचे, म्हणजे कॉर्नेलमधील मूळ शाखेचे, पहिले अध्यक्ष ठरले.

ही गैरहजेरी योगायोगाची होती की विरोधातून आलेली, याविषयी वृत्तान्त एकसारखे नाहीत. संस्थेची परंपरा ‘सात रत्ने’ म्हणून ज्यांचा गौरव करते त्या संस्थापकांत पॉइंडेक्स्टर यांचे नाव नाही. तथापि पहिला दीक्षाविधी ३० ऑक्टोबर १९०६ रोजी, म्हणजे ते मंडळाचे प्रमुख असतानाच पार पडला होता, हे ध्यानात घेतल्यास त्यांना केवळ पूर्वसुरी म्हणणे अपुरे वाटते. केलींनी हाती घेतले ते आधीच उभे राहिलेले संघटन होते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. स्वतः संस्थापकांची यादीही दीर्घकाळ वादात होती. यूजीन किंकल जोन्स यांचे संस्थापकत्व १९५२ च्या सुमारास निश्चित झाले. तत्पूर्वी जेम्स मॉर्टन यांची गणना त्या सातांत होत असे. या कालखंडाच्या माहितीचा मुख्य आधार म्हणजे इतिहासकार चार्ल्स वेस्ली यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेला संस्थेचा इतिहास होय. वेस्ली पुढे स्वतःच जनरल प्रेसिडेंट झाले, हे तो वाचताना विसरता येत नाही.

जनरल प्रेसिडेंटचे पद डिसेंबर १९०८ मध्ये वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात भरलेल्या पहिल्या सर्वसाधारण अधिवेशनात अस्तित्वात आले आणि मोझेस मॉरिसन त्यावर निवडले गेले. आरंभीचे पदाधिकारी विद्यार्थी किंवा नुकतेच पदवी घेतलेले तरुण असत. दुसरे अध्यक्ष रॉस्को जाइल्स हे पुढे, १९१५ मध्ये, कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. सात संस्थापकांपैकी हे पद हेन्री कॅलिस यांनीच भूषविले. १९११ मध्ये लुईव्हिल येथे पदवीधरांची शाखा निघाल्यावर संस्थेचे सदस्यत्व पदवीबरोबर संपणारे राहिले नाही, ते आयुष्यभराचे झाले. अध्यक्षपदाचे रूपांतर याच बदलातून झाले असे म्हणता येते. विद्यार्थ्यांच्या हातातील हे पद वकील, प्राध्यापक, वृत्तपत्रकार आणि महाविद्यालयांचे प्रमुख यांच्याकडे गेले.

पदाचे वजन वेस्ली यांच्या, सुमारे नऊ वर्षे चाललेल्या कारकिर्दीत वाढले. मेरीलंड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने वर्णावरून प्रवेश नाकारलेल्या डोनाल्ड गेन्स मरी यांच्या १९३५-३६ मधील खटल्याला संस्थेने पाठबळ दिले, आणि त्यात संस्थेचेच सदस्य थर्गुड मार्शल यांनी वकिली केली. वेस्लींनंतर इतिहासकार रेफर्ड लोगन आणि त्यांच्यामागून वकील बेलफर्ड लॉसन अध्यक्ष झाले. रेल्वेच्या भोजनयानातील वर्णभेदाविरुद्धचा १९५० मधील हेंडरसन खटला लॉसन यांनी सर्वोच्च न्यायालयात लढविला. अर्नेस्ट मोरियल (१९६८–७२) हे पद सोडल्यानंतर १९७८ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. आणखी एक जनरल प्रेसिडेंट हॅरी जॉन्सन यांनी मार्टिन ल्यूथर किंग स्मारक प्रतिष्ठानाचे प्रमुखपद सांभाळले; १९८४ मध्ये संस्थेत मांडल्या गेलेल्या कल्पनेतून वॉशिंग्टनचे हे स्मारक उभे राहून १६ ऑक्टोबर २०११ रोजी लोकार्पित झाले. किंग स्वतः संस्थेचे सदस्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइसही सदस्य होते.

सध्याच्या प्रथेनुसार कार्यकाल चार वर्षांचा असून तो जानेवारीत सुरू होतो. निवडून आलेली व्यक्ती तोवर नियोजित अध्यक्ष म्हणून काम समजून घेते. विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व आता विभागीय सहायक उपाध्यक्षांमार्फत संचालक मंडळात राखलेले आहे. छत्तिसावे अध्यक्ष विलिस लॉन्झर यांच्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये ल्यूसियन मेटेलस यांनी सदतिसावे जनरल प्रेसिडेंट म्हणून सूत्रे हाती घेतली. संस्थेचे मुख्यालय बॉल्टिमोर येथे आहे.