कृपा आधी, शब्द मागून : सीमाभागातल्या एका सवयीची पार्श्वभूमी

खानापूरहून बेळगावला येणाऱ्या लाल बसमध्ये गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट पाहिली. खिडकीशी एक बाई बसली होती. मांडीवर दवाखान्याची फाईल, आणि एक्स-रेचं मोठं पाकीट भिजू नये म्हणून पदराखाली धरलेलं. रडत होती, पण आवाज अजिबात नव्हता. मागच्या बाकावर गोपीचंदन लावलेले, गळ्यात तुळशीमाळ असलेले एक म्हातारे होते. देसूरला उतरायचं म्हणून ते उठले, दारापर्यंत गेले, तिथून परत फिरले. तिच्याजवळ वाकून म्हणाले, "अंजब्याड तायी, एल्ला छलो आगतैती." भिऊ नको, सगळं चांगलं होईल. कंडक्टर तोंडात शिट्टी धरून तसाच थांबला होता.

ओळख ना पाळख. मग दारापर्यंत गेलेला माणूस परत का फिरतो? आपल्याकडे त्याला एकच उत्तर मिळतं, "आतनं आलं." या आतून येण्यामागे आठशे वर्षांची शिकवण आहे, आणि या भागात ती दोन भाषांतून मिळालेली आहे.

मराठीतला धागा ज्ञानेश्वरीपर्यंत जातो, म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९०. तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ज्ञानेश्वर बोलण्याकडे वळतात. जो कुणाला दुखवत नाही तो बोलतो कसा? "पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥" गोड बोलावं असं सांगणारे पुष्कळ आहेत. इथे क्रम सांगितला आहे, आणि मला तोच फार मोलाचा वाटतो. आधी आत काहीतरी पाझरतं, अक्षरं त्याच्या मागून चालत येतात. दहाव्या अध्यायात तर समोर येईल त्या प्रत्येक जिवाला भगवंत मानणं हाच आपला भक्तियोग, असं कृष्ण सांगतो. वारीत अनोळखी माणसाला 'माऊली' म्हणतात आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, त्याचं मूळ इथे आहे. हाक मारण्याआधी नाव, गाव, जात विचारायची गरजच उरत नाही.

कानडी धागा याहूनही जुना. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, बसवण्णांनी (महात्मा बसवेश्वरांनी) एका वचनात, म्हणजे छोट्या कानडी पद्यात, देवाला विनवलं, "इवनारव, इवनारव" म्हणजे "हा कुणाचा, हा कुणाचा" असं माझ्याबद्दल म्हणवू नकोस. "इव नम्मव", "हा आमचाच" असं म्हणव. दुसऱ्या वचनात ते सांगतात की 'अय्या' म्हणून आदराने हाक मारणं हाच स्वर्ग आणि 'एलवो', म्हणजे 'अरे ए', म्हणून खेकसणं हाच नरक. कल्याणला उलथापालथ झाली आणि शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, उत्तर कन्नडच्या जंगलातल्या उळवीकडे निघाले. त्यांच्या वाटेच्या आठवणी आपल्या भागात अजून आहेत. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला डोहर कक्कय्यांची समाधी दाखवतात. चामड्याचं काम करणाऱ्या समाजातला हा शरण. ज्यांना गावकुसाबाहेर फक्त 'एलवो'च ऐकू आलं असेल त्यांच्यासाठी 'अय्या' या दोन अक्षरांचं मोल किती असेल, याचा विचार कक्केरीला गेलो की प्रत्येक वेळी मनात येतो.

पुढे बेळगावात या दोन्ही धाग्यांना घरं मिळाली. बाळेकुंद्रीचे पंतमहाराज (१८५५ ते १९०५) अवधूत परंपरेतले, आणि पेशाने बेळगावातले शाळामास्तर. त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात बेळगावातून बाळेकुंद्रीला जो झेंडा मिरवत नेतात, त्याचं नाव प्रेमध्वज. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद इथे आले तेव्हा शहरात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. रिसालदार गल्लीत भाटे वकिलांनी आधी घरात घेतलं, मग वनखात्यातले हरिपद मित्र यांनी. अकरा महिन्यांनी शिकागोत हजारो परक्यांपुढे त्यांनी 'भगिनींनो आणि बंधूंनो' म्हटलं. जमखंडीचे तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे यांनी तर मराठी आणि कन्नड दोन्ही संतांचा अभ्यास एकाच जन्मात केला.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. बेळगाव तिकडेच ठेवावं असं सांगणारा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, आणि आज हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. इथल्या मराठी माणसाची वेदना खरी आहे आणि ती मीही जगतो. पण तिचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. अनोळखी माणसाशी बोलण्याआधी मनात हिशोब सुरू होतो, कुठल्या भाषेत सुरुवात करू? त्या एका क्षणात आतून आलेलं विरून जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच बाळेकुंद्रीजवळ बसमध्ये भाषेवरून पेटलेल्या वादात कंडक्टरला मारहाण झाली, आणि काही दिवस दोन राज्यांमधल्या एसटी गाड्या अडल्या. प्रेमध्वज जातो ती जागा ही. ती बातमी वाचून दिवसभर काही सुचलं नव्हतं.

एवढं होऊनही हाकेचे शब्द मात्र वाटले गेले नाहीत. अण्णा म्हणजे दोन्हीकडे थोरला भाऊ, अक्का म्हणजे दोन्हीकडे थोरली बहीण. भाजी मंडईत, एपीएमसीत, दवाखान्याच्या रांगेत हेच चालतात. आणि 'तायी'. मराठी कान तो 'ताई' असा ऐकतो, बहीण. कानडीत त्याचा अर्थ आई. वारकऱ्यांची माऊली जशी.

बसमधली ती बाई मराठी होती, हे तिच्या फोनवरच्या बोलण्यावरून आधीच कळलं होतं. म्हाताऱ्यांचं कानडी तिला किती समजलं, तिलाच ठाऊक. "बरं अण्णा," एवढंच ती म्हणाली. ते उतरले, शिट्टी झाली, गाडी हलली. पिरनवाडी आली तेव्हा तिने एक्स-रेचं पाकीट पदराखालून बाहेर काढलं, त्यावरचे थेंब हाताने पुसले आणि फाईलमध्ये नीट सरकवलं.